आमवाताची वही: घरी काय मोजायचं, कसं लिहायचं आणि डॉक्टरांना काय पाठवायचं

२०१९ चा ऑगस्ट सांगली जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सांगलीत पाणी शिरलेलं, रस्ते बंद, आणि माझी मिरजेच्या डॉक्टरांची तारीख नेमकी त्याच आठवड्यात. आम्ही तासगावात, इथं पाणी नव्हतं पण मिरज गाठायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनी फोनवर बोलायला वेळ दिला हेच लय झालं.

"सकाळी किती वेळ आखडतंय?"
"लय वेळ."
"लय म्हणजे किती, ताई?"
"बराच वेळ की."
"बरं, सुजलेले सांधे किती?"
"हात सुजलेत."
"दोन्ही? कुठली बोटं?"

आता काय सांगू. २०१७ ला आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांधे सुजायचा आजार) निदान झालेलं, दोन वर्षं गोळ्या वेळेवर घेत होते, आणि माझ्याच हातांबद्दल मला तीन साध्या प्रश्नांची उत्तरं देता येईनात. रोज दुखतंय म्हणून बोलायची सवय होती, बघायची नव्हती. त्या रात्री पोराची अर्धी कोरी वही घेतली आणि तेव्हापासून लिहितीय. सात-आठ बायकांनी विचारलं की नेमकं काय लिहितीस म्हणून एकदाच सगळं टाइप करतीय. मी डॉक्टर नाही, शिवणकाम करते, त्यामुळं गोळी वाढवा कमी करा असलं काही यात मिळणार नाही. आणि पहिलं निदान फोनवर वहीवर होत नसतं, त्यासाठी सांध्याला हात लावून बघणारा डॉक्टरच पाहिजे. हे त्यानंतरचं, दोन तारखांच्या मधल्या तीन महिन्यांचं आहे.

वही का लागते ते पण ऐका. एकदा फॉलोअपला जाताना एसटीत हात दुखू नयेत म्हणून सकाळी सहालाच पेनकिलर घेतली, दहा वाजता डॉक्टरांसमोर हात असे मऊ की विचारू नका, ते म्हणाले छान चाललंय, आहे तेच चालू ठेवा. मीही हो हो करून आले. पंधरा दिवसांनी कात्री धरता येईना. चूक माझीच होती. डॉक्टर आपल्याला दहा-पंधरा मिनिटं बघतात आणि त्या दिवशी हात कसे असतील हे नशिबावर. बाकीचे नव्वद दिवस कुणी बघितलेले असतात? आपणच.

सकाळचं आखडणं, मिनिटांत

रोज एकच गोष्ट लिहायची असेल तर ही लिहा. उठल्यापासून ते हात त्या दिवशी जेवढे मोकळे व्हायचे तेवढे होईपर्यंत किती मिनिटं गेली. पूर्ण बरं वाटेपर्यंत नाही हां, तसं मोजलं तर काहींचा दिवसभर संपायचाच नाही. "मोकळं झालं" हे ठरवायला एक ठरलेलं काम धरा आणि तेच कायम ठेवा. माझं काम ब्लाऊजचे हुक. साडेपाचला उठते, पहिला हुक न अडखळता लागला की घड्याळ बघते. कुणी कुकरचं झाकण धरेल, कुणी शर्टाची बटणं, मुठ पूर्ण वळणं हे पण चालतं.

आमच्या आत्तींचे (सासूबाईंचे) गुडघे झिजलेत, त्यांचं पण सकाळी आखडतं पण चार पावलं टाकली, चहा झाला की पंधरा मिनिटांत सुटतं. माझं वाईट दिवसात दीड तास. झिजेच्या दुखण्यात आखडणं बहुतेक अर्ध्या तासाच्या आत सुटतं, सुजेच्या वातात अर्धा तास, तास, त्याच्यावर जातं. आणि झिजेचं दुखणं काम केल्यावर वाढतं, सुजेचं दुखणं बसून राहिल्यावर. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. रोजचा एक आकडा, कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलनं लिहिला तरी झालं. महिना संपला की ती पानं नुसती लांबनं बघितली तरी कळतं गाडी कुठं चाललीय.

पेनकिलर घेतली असेल तर आकड्याशेजारी एक फुली आणि वेळ. हे विसरू नका, माझी गोष्ट वर सांगितलीच.

शनिवारची तपासणी

बाकीचं सगळं आठवड्यातनं एकदाच. सुरवातीला मी रोज सगळं लिहायची, सांधे मोजायची, दुखणं मोजायची, झोप, मूड, आणि तिसऱ्या आठवड्यात असं झालं की दिवसभर हाताकडंच लक्ष. दुखणं लिहिण्यानं वाढत नाही पण त्याच्यामागं लागल्यानं वाढल्यासारखं नक्की वाटतं. डॉक्टरांनीच सांगितलं आठवड्याला एकदा बास. ॲमस्टरडॅममध्ये एक अभ्यास झाला, २०२२ ला छापून आला, त्यात आमवात आटोक्यात असलेल्या लोकांनी मोबाईलवर आठवड्यातनं एकदा फॉर्म भरला आणि डॉक्टरांकडं गरज पडली तरच गेले, वर्षभरात त्यांच्या भेटी ३८ टक्के कमी झाल्या आणि आजार काही वाढला नाही. आटोक्यात असलेल्या लोकांनी, हे मात्र ध्यानात ठेवा. ज्यांचं औषध अजून बसतंय त्यांनी तारखा चुकवायच्या नाहीत.

माझी मेथोट्रेक्सेटची (आमवाताची मुख्य) गोळी शनिवारी रात्री असते. रविवारी अंगात मरगळ, मळमळ असते म्हणून तपासणी शनिवारी सकाळी, गोळीच्या आधी. तुमचा वार कुठलाही असू दे, वार आणि वेळ बदलू नका.

आता सांधे. कोऱ्या कागदावर दोन्ही पंजे ठेवून पेन्सिलनं भोवतीनं रेघ मारा, लहानपणी शाळेत काढायचो तसं. त्याचे पंधरा-वीस झेरॉक्स काढून वहीत ठेवा. दर शनिवारी एक कागद. दाबल्यावर दुखलं तिथं टिंब, सूज असेल तिथं गोल, दोन्ही असेल तर गोलात टिंब. तोंडी सांगून जे दहा मिनिटांत होत नाही ते या कागदावर दहा सेकंदात दिसतं.

डॉक्टर लोक २८ सांधे मोजतात: दोन खांदे, दोन कोपर, दोन मनगटं, दोन गुडघे, पंजाच्या मुळाशी बोटं जिथं जोडली जातात ते दहा, आणि बोटांच्या मधले दहा (अंगठ्याला एकच असतो तो धरून). बोटाच्या टोकाचा, नखाजवळचा सांधा यात नाही, आमवात शक्यतो त्याला धरत नाही, तिथं गाठ असेल तर बऱ्याचदा झिजेची. पाय पण या २८ मध्ये नाहीत आणि हे मला पटत नाही, कारण माझं सगळं सुरूच तळपायाच्या पुढच्या गादीपासनं झालं, सकाळी फरशीवर पाय टेकला की खडे टोचल्यासारखं. तर पायांचा कागद वेगळा करा, आकड्यात धरू नका पण डॉक्टरांना दाखवा.

दाबायचं किती? दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं, आपल्या अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. त्याच्यापेक्षा जास्त दाबलं तर चांगला सांधा पण दुखतो. सूज ओळखायला थोडी सवय लागते. आपल्या तासगावच्या भाषेत सांगायचं तर पिकलेलं द्राक्ष चिमटीत धरल्यासारखं मऊ, दबणारं लागलं तर सूज. सुपारीसारखं टणक लागलं तर ते हाड, तिथं गोल नको. पहिल्या वेळी डॉक्टरांना सांगा की माझ्या बोटानं दाबून दाखवा, आमच्या डॉक्टरांनी दाखवलं, मिनिटभर पण लागला नाही.

मी टेलर असल्यामुळं माझ्याकडं आणखी एक चैन आहे, टेप. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा मधला सांधा, दर शनिवारी त्याच वेळी. दोन-तीन मिलिमीटरनं कमीजास्त होतो ते खरं किती आणि टेप ओढण्यातलं किती हे देवाला माहीत, त्यामुळं मी याला जास्त भाव देत नाही. त्यापेक्षा अंगठी आणि जोडवी खरं बोलतात. जोडवं फिरेना झालं की समजायचं.

मग दोन आकडे, दोन्ही शून्य ते दहा. मागच्या आठवड्यात दुखणं किती, आणि आजाराचं सगळं मिळून एकूण कसं गेलं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होईना. म्हाताऱ्या माणसांना हे शून्य ते दहा काय डोक्यात बसत नाही, आत्तींना विचारलं तर त्या म्हणायच्या "दुखतंय बघ". मग रुपयात विचारलं, रुपयाला किती आणे दुखतंय, तर लगेच म्हणाल्या "आज बारा आणे". सोळा आण्याचा रुपया, बारा आणे म्हणजे साडेसात. तेव्हापासनं आमच्या घरात दुखणं आण्यातच चालतं.

तिसरा आकडा कामाचा. डॉक्टरांकडं रॅपिड-थ्री नावाचा फॉर्म असतो, मागून घ्या. त्यात कपडे घालणं, अंथरुणातनं उठणं, भरलेला पेला तोंडाला लावणं, नळ फिरवणं असले दहा प्रश्न, प्रत्येकाला सहज जमतं ०, थोडा त्रास १, लय त्रास २, जमतच नाही ३. बेरीज करून तीननं भागायची, म्हणजे दहापैकी आकडा येतो. त्यात दुखण्याचा आणि एकूणचा आकडा मिळवला की तीसपैकी मार्क. माझा एका वाईट आठवड्याचा हिशोब: कामाची बेरीज ७, भागिले तीन २.३, दुखणं ५, एकूण ४, म्हणजे ११.३. तीनपर्यंत असेल तर आजार जवळजवळ शांत, सहापर्यंत थोडा, बारापर्यंत मध्यम, बाराच्या वर जोरात. सहानं आपण घाबरायचं आणि पाचनं नाचायचं असं नसतं, चार शनिवार ओळीनं बघायचे.

फॉर्मच्या बाहेर आपली म्हणून दोन-तीन कामं लिहा, ती तुम्हाला जास्त कळतात. माझी तीन: ज्वारीची भाकरी थापता येते का का लाटायला लागते, धुणं पिळता येतं का, आणि काज करताना सुई धरवते का. भाकरी थापणं बंद झालं की पुढच्या दहा दिवसांत सूज येणारच हे मला आता रिपोर्टच्या आधी कळतं.

शेवटी एक ओळ, आठवड्यात वेगळं काय झालं. लग्न, प्रवास, जागरण, ताप, पाळी, चुकलेली गोळी, पाऊस. या ओळीनं माझा मोठा फायदा केला. सगळे सांगायचे वांगं खाऊ नको, हरभरा खाऊ नको, वातूळ आहे. दोन महिने लिहून बघितलं, वांग्याचा आणि माझ्या बोटांचा काही संबंध दिसला नाही. दिसला तो द्राक्षाच्या विरळणीचा, दोन दिवस बागेत कात्री चालवली की तिसऱ्या दिवशी आखडणं दुप्पट. तुमचं वेगळं निघेल, पण लिहून बघितल्याशिवाय ताटातलं काही काढू नका.

गोळ्या आणि रक्त

मेथोट्रेक्सेट आठवड्यातनं एकदाच. हे मी ओरडून सांगतीय कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं. घरातल्या दुसऱ्या कुणी डबी भरत असेल तर त्यालाही सांगा. आमच्याकडं ती स्ट्रिप रोजच्या डबीत ठेवतच नाही, वेगळ्या डब्यात, आणि कॅलेंडरवर घेतल्यावर लाल गोल. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या वारी. स्टेरॉईड चालू असेल तर मनानं एकदम बंद करायचं नाही, आणि त्यासोबत बीपी, साखर, वजन वहीत असावं. लेफ्लुनोमाइड (आमवाताचीच दुसरी गोळी) असेल तरी बीपी बघावं लागतं. एचसीक्यूवाल्यांनी (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी) डोळे तपासायचे, सुरवातीला एकदा आणि मग पाच वर्षांनंतर दरवर्षी, डॉक्टरांनी लवकर सांगितलं तर लवकर.

रक्ताचं वेळापत्रक डॉक्टर देतात, सुरवातीला दोन ते चार आठवड्यांनी, गाडी रुळावर आली की दोन-तीन महिन्यांनी: सीबीसी (रक्तातल्या पेशी), लिव्हर (एसजीपीटी), किडनीसाठी क्रिएटिनिन, आणि सुजेसाठी ईएसआर, सीआरपी. रिपोर्टांची चळत करू नका. वहीच्या शेवटच्या पानावर तारीखवार तक्ता, एका ओळीत हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी, क्रिएटिनिन, ईएसआर, सीआरपी. शक्यतो एकच लॅब. लॅब बदलली तर सीआरपीचं एकक बघा, एका लॅबवाल्यानं मला १.२ दिलं आणि आधीचं होतं १२, मी आनंदानं घरभर सांगितलं की दहापट कमी झालं. एक मिलिग्राम पर डेसिलिटरमध्ये होतं, एक पर लिटरमध्ये. दोन्ही सारखंच! ईएसआर तर रक्त कमी असलं, सर्दी-ताप झाला, वय वाढलं तरी वर जातो, त्यामुळं एकट्या ईएसआरवरनं रडत बसू नका.

डॉक्टरांना पाठवताना

आधी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल का, कुठल्या नंबरवर, उत्तराला किती दिवस. काही डॉक्टरांना चालत नाही आणि ते बरोबरच आहे, चारशे पेशंटचे गुड मॉर्निंग त्यांनी कधी बघायचे. फोनवर, व्हिडिओवर तपासायला केंद्र सरकारचे नियम २५ मार्च २०२० ला आले, त्यानुसार प्रत्यक्ष या म्हणून सांगायचा अधिकार डॉक्टरांचा, तिथं हट्ट करायचा नाही. सरकारी ई-संजीवनी (मोबाईलवरनं डॉक्टरांशी बोलायची सोय) पण आहे, पण तुमच्या वातासाठी ज्यांना तुमची फाईल माहितीय तेच डॉक्टर बरे, ई-संजीवनी अधल्यामधल्या खोकल्या-पडशाला.

फोटो काढताना फ्लॅश बंद. खिडकीजवळ, उजेड बाजूनं पडेल असं, गडद रंगाच्या कापडावर दोन्ही हात शेजारी शेजारी पालथे. वरनं उजेड पडला तर सूज दिसतच नाही, बाजूनं पडला की सावलीमुळं उठून दिसते. एक फोटो पालथ्या हातांचा, एक दोन्ही मुठींचा, एक ज्या सांध्याची तक्रार आहे त्याचा. तीन बास. सूज असताना काढा, तारखेच्या दिवशी ती असेलच असं नाही. चांगल्या दिवसांतले तीन फोटो पण ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार. पुरळ, तोंडातले फोड, थंडीत पांढरी-निळी पडणारी बोटं, गाऊटमध्ये (युरिक ॲसिड वाढून होणारा वात) लाल झालेला पायाचा अंगठा, हे सगळं त्याच वेळी टिपायचं, नंतर नुसतं वर्णन राहतं.

मेसेज माझा असा असतो, पाहिजे तर कॉपी करा:

"नमस्कार डॉक्टर. नाव, वय, फाईल नंबर. आमवात, ७ वर्षं. चालू गोळ्या: सोबत फोटो. मागचे ३ शनिवार आखडणं २५, ५०, ९० मिनिटं. सुजलेले सांधे २, ४, ६. रॅपिड-थ्री ५, ८.३, ११.३. ताप नाही. एक मेथोट्रेक्सेट चुकली, तारीख अमुक. पेनकिलर आठवड्यात ४ वेळा. प्रश्न: तारीख पुढच्या महिन्यात आहे, आधी यावं लागेल का?"

प्रश्न एकच, आणि शेवटी. "काय करू डॉक्टर लय दुखतंय" याला लांबनं कुणी काय उत्तर देणार.

व्हिडिओ कॉल असेल तर फोन धरायला घरातलं माणूस पाहिजे. तोंड नाही, सांधे दाखवायचेत, म्हणून गुडघ्यापर्यंत वर होतील असे कपडे, खुर्ची जवळ. डॉक्टर मुठी वळायला सांगतील, छातीसमोर नमस्कार करून कोपर वर उचलायला सांगतील (मनगट धरलं असेल तर तळवे सुटतात), हात डोक्यामागं, हाताचा आधार न घेता खुर्चीतनं उठणं. आणि घरातल्या माणसाला पंजा आडवा धरून बोटांच्या मुळाशी हलकं दाबायला सांगतील. आमच्या ह्यांनी पहिल्यांदा असं दाबलं की मी कॅमेऱ्यासमोरच ओरडले, तर हलकं, हस्तांदोलन करतो तेवढंच.

सांध्यातलं पाणी काढणं, इंजेक्शन, सोनोग्राफी, छाती तपासणं हे लांबनं होत नाही.

दुसऱ्या वातांचं थोडक्यात. कंबर-मणक्याचा वात, एएस, त्यात हाताचा कागद कामाचा नाही, तिथं बॅसडाय नावाचे सहा प्रश्न असतात, दहापैकी चार किंवा वर म्हणजे जोरात, आणि रात्री दुखण्यानं किती वेळा जाग आली ते लिहा. गाऊटला युरिक ॲसिड सहाच्या खाली ठेवायचं हे बहुतेकांचं टार्गेट. ल्युपसमध्ये (सांध्यांबरोबर कातडी, किडनीलाही धरणारा आजार) लघवीला फेस, पायावर सूज, बीपी, उन्हानं उठणारं पुरळ याच्यावर नजर. स्क्लेरोडर्मात (कातडी कडक होणारा आजार) बीपी अचानक वाढलं तर त्याच दिवशी फोन.

थांबायचं नाही अशा गोष्टी

हे पान मी वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला चिकटवलंय, घरातल्यांना वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात. एकच सांधा अचानक लालभडक, गरम, हलवता येईना, सोबत ताप, तर तो वात समजून शेकत बसायचं नाही, सांध्यात जंतू झालेले असू शकतात, त्याच दिवशी दवाखाना. बायोलॉजिक इंजेक्शन किंवा टोफासिटिनिब (दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू असताना ताप किंवा लांबलेला खोकला. मेथोट्रेक्सेटवर असताना तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला, दम लागणं. पेनकिलर घेणाऱ्यांना काळी शी. डोळा लाल आणि आतनं दुखणारा, उजेड सहन न होणारा. मान दुखून हातापायात मुंग्या, ताकद कमी. पन्नाशीच्या पुढं नवीन डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, नजर अंधुक. यातलं काहीही आलं तर मेसेज टाकून निळ्या टिकची वाट बघत बसायचं नाही, सरळ फोन, आणि फोन लागला नाही तर जवळचा दवाखाना, वही बरोबर.

साधं वाढलेलं दुखणं वेगळं. त्याला माझं आणि डॉक्टरांचं ठरलंय: आखडणं नेहमीच्या दुप्पट आणि सलग दोन शनिवार सुजलेले सांधे वाढले तर मेसेज. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडनं पुढच्या तारखेला ठरवून घ्या आणि पहिल्या पानावर लिहा.

ॲपचं विचारलं होतं काहींनी. आहेत, मी दोन वापरून सोडली, बोटं आखडलेली असताना स्क्रीनवर बारीक बटणं दाबायची हा कसला शहाणपणा. जाड पेन घ्या, त्याच्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ किंवा नुसतं कापड गुंडाळलं की धरायला सोपं. प्रिस्क्रिप्शन आणि वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो मात्र मोबाईलमध्ये, आणि एक घरातल्या दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये. पावसाळ्याच्या आधी पंधरा दिवसांच्या गोळ्या जादा आणून ठेवते, २०१९ पासनं.

सुरू करायचं असेल तर पहिला आठवडा फक्त आखडण्याची मिनिटं लिहा. झेरॉक्स पुढच्या शनिवारी.